गाडी नसतानाची रेल्वे

रविवारच्या मेगाब्लॉकची बातमी मुंबईकर शनिवारी वाचतो आणि कपाळाला हात लावतो. धीमा मार्ग की जलद, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, कुठल्या स्टेशनांवर गाडी थांबणार नाही, एवढं बघून तो बेत बदलतो, नाहीतर रेल्वेच्या नावानं बोटं मोडत घराबाहेर पडतो. या पुस्तकातली निम्म्याहून जास्त छायाचित्रं अशाच वेळात काढलेली आहेत. गाड्या धावत असतात तोवर रुळाचं कुठलंही मोठं काम काढता येत नाही. त्या अडवल्या, वरच्या तारेतली वीज बंद करून तार अर्थ केली, दोन्ही बाजूंना लाल झेंडे रोवले, की माणसं आणि अवजारं रुळांवर उतरतात. मुंबईत रात्री शेवटची लोकल गेल्यापासून पहाटेची पहिली सुटेपर्यंत जेमतेम अडीच-तीन तास हाती लागतात. त्यात उरकेल तेवढं उरकायचं, उरलेलं रविवारी.

रेल्वेचं काम बघायचं असेल तर ते गाडी नसताना बघावं लागतं, एवढंच मला या पुस्तकातून सांगायचं आहे. छायाचित्रांची निवडही त्याच हिशेबानं केली आहे. तेव्हा पुस्तक विकत घेण्याआधी चाळणाऱ्याला सांगून ठेवतो, यात गाड्या कमी आहेत. दूधसागरच्या धारांसमोरून जाणारी गाडी नाही. रत्नागिरीजवळच्या पानवल पुलावरची नाही. डेक्कन क्वीन आहे, पण मागून.

गाडी देखणी असते याबद्दल माझा वाद नाही. वळणावरून अंगावर येणारं इंजिन बघून आजही माझा हात आपसूक कॅमेऱ्याकडे जातो. पण गाडी टिपणाऱ्याची सगळी अक्कल शटरच्या हिशेबात अडकलेली असते. ताशी शंभर किलोमीटरनं जाणारी गाडी सेकंदाला जवळपास 28 मीटर सरकते. शटर सेकंदाच्या हजाराव्या भागाचं ठेवलं तरी तेवढ्यात ती पावणेतीन सेंटिमीटर पुढे गेलेली असते, आणि पन्नासाव्या भागाचं ठेवलं तर अर्ध्या मीटरहून जास्त. इंजिनाचा क्रमांक धूसर आला की छायाचित्र वाया. अशा वेळी रुळाच्या बाजूला सरकून उभी राहिलेली, हातात पहार धरलेली चार-पाच माणसं चौकटीच्या कडेला येतात आणि नंतर घरी बसून कडा छाटताना बाहेर जातात. ती माणसं तिथे नुसती वाट देऊन उभी नसतात. गाडी जात असताना ती चाकांकडे बघत असतात. कुठे काही लोंबतंय का, आसाजवळ धूर निघतोय का, ब्रेक चिकटलाय का. काही दिसलं तर शेवटच्या डब्यातल्या गार्डला झेंडा दाखवायचा. जानेवारी 2022 पासून गार्डचं पद 'ट्रेन मॅनेजर' झालं, पण रुळांची देखभाल करणाऱ्या गँगमध्ये अजून गार्डच म्हणतात.

ही छाटाछाट जुनी आहे. अमेरिकेच्या दोन किनाऱ्यांना जोडणारा लोहमार्ग 10 मे 1869 रोजी युटामध्ये पूर्ण झाला, तेव्हा अँड्र्यू रसेल या छायाचित्रकारानं घेतलेलं छायाचित्र जगभर छापलं गेलं. समोरासमोर आलेली दोन इंजिनं, मधे हस्तांदोलन, भोवती गर्दी. पश्चिमेकडून डोंगर फोडत आलेल्या मार्गावर राबलेल्या मजुरांत बहुसंख्य चिनी होते, आणि त्या गर्दीत ते जवळजवळ दिसतच नाहीत. कॉर्की ली या चिनी वंशाच्या अमेरिकन छायाचित्रकाराच्या मनाला ती गोष्ट लहानपणापासून लागून राहिली होती. 2014 साली, त्या घटनेला 145 वर्षं झाली तेव्हा, त्यानं चिनी अमेरिकनांना त्याच जागी गोळा केलं. त्यांत त्या मजुरांचे वंशजही होते. त्यांना तसंच इंजिनांपुढे उभं करून त्यानं त्यांचं छायाचित्र घेतलं. छायाचित्रकारानं दुसऱ्या छायाचित्रकाराची केलेली अशी दुरुस्ती मला दुसरी ठाऊक नाही.

आपल्याकडे बोरघाटाची हकिकत फार वेगळी नाही. 1856 ते 1863 या काळात खंडाळ्याचा घाट रेल्वेनं चढला. 37 फुटांना एक फूट असा चढ, पंचवीस बोगदे, ऐन भरात चाळीस हजारांच्या आसपास मजूर. पटकीनं आणि अपघातांनी त्यातले किती गेले याचे आकडे अंदाजाचेच आहेत. मुख्य अभियंता जेम्स बर्कली, 1859 मध्ये इथे आल्यावर थोड्याच दिवसांत वारलेला कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल, त्याच्यामागे कंत्राट पुरं करणारी त्याची बायको ॲलिस, ही नावं सापडतात. सुरुंगाला बत्ती देणाऱ्याचं नाव कोणी लिहून ठेवलं नाही.

नावं लिहिणारा माणूस मला सापडला तो भलतीकडेच. जॅक डेलानो 1914 साली युक्रेनमध्ये जन्मला, लहानपणी अमेरिकेत आला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सरकारनं देशातली कामं टिपायला काही छायाचित्रकार नेमले होते, त्यांतला तो एक. 1942 आणि 43 मध्ये शिकागोची रेल्वे यार्डं आणि तिथून पश्चिमेला जाणारे मार्ग त्यानं पालथे घातले. मालगाडीच्या मागच्या डब्यात बसून प्रवास केला, इंजिनांच्या शेडमध्ये तळ ठोकला, बर्फात कुडकुडणारे स्विचमन टिपले. कोडाक्रोमच्या रंगीत फिल्मवरची त्याची छायाचित्रं आज वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत आणि कुणालाही बघता येतात. त्यातलं एक मी कितीदा पाहिलं असेल. एप्रिल 1943, आयोवा राज्यातल्या क्लिंटनची इंजिन शेड. पुरुष लढाईवर गेल्यामुळे इंजिनं पुसायच्या कामावर बायका आलेल्या आहेत, आणि त्या जेवायला बसल्यात. डोक्याला रंगीत रुमाल, अंगावर तेलकट डांगरी. इंजिन चौकटीत कुठेही नाही. तरी हे रेल्वेचंच छायाचित्र आहे हे सांगावं लागत नाही. डेलानोनं माणसांची नावं टिपून ठेवली, कुणाचं काम काय, कधीकधी घरी कोण कोण आहे तेही. त्यामुळे सत्तर वर्षांनी त्यांची मुलं-नातवंडं शोधून काढता आली.

रेल्वे टिपणाऱ्यांच्या जगात मात्र दबदबा आहे तो विन्स्टन लिंकचा. 1955 ते 60 या वर्षांत नॉरफोक अँड वेस्टर्न या कंपनीची वाफेची इंजिनं शेवटची धाप टाकत होती, तेव्हा त्यानं रात्रीच्या अंधारात तारांनी जोडलेले फ्लॅशचे दिवे डोंगरउतारांवर मांडून त्या गाड्या टिपल्या. सगळे दिवे एका क्षणी पेटायचे, एक निखळला तर सगळं फुकट. मेहनत अफाट आणि छायाचित्रं अचाट. पण मला त्यात नाटकाचा रंगमंच दिसतो. माणसं जागच्या जागी उभी केलेली आहेत. शिवाय आपल्याकडे तो मार्ग बंदच आहे. समोरून येणाऱ्या गाडीवर फ्लॅश मारला तर चालकाचे डोळे दिपतात, आणि पुढचा सिग्नल त्याला वाचायचा असतो. या पुस्तकातल्या रात्रीच्या छायाचित्रांत काम करणाऱ्यांचाच उजेड आहे: हेल्मेटवरचे दिवे, जनरेटरवरचे हॅलोजन, वेल्डिंगची आग.

मुंबईच्या रेल्वेवर कॅमेरे कमी रोखले गेले असंही नाही. रघु राय आणि सेबॅस्टियाओ सालगाडो या दोघांचीही चर्चगेट स्टेशनची छायाचित्रं प्रसिद्ध आहेत आणि योगायोगानं दोन्ही 1995 सालची आहेत. दोन्हींत गर्दी पुरासारखी वाहते. रायच्या छायाचित्रात त्या पुरात पेपर वाचत उभी राहिलेली माणसं तेवढी ठळक येतात. दोन्ही थोर आहेत, आणि दोन्ही प्रवाशांची आहेत.

आता माझ्या बाजूच्या गोष्टी. थर्मिट वेल्डिंगनं सुरुवात करतो, कारण पुस्तकातली सर्वांत जास्त पानं त्यानंच खाल्ली आहेत. आता रूळ मैलोन् मैल सलग जोडलेले असतात. लहानपणी आगगाडीची जी लय आपण पाठ केली होती ती रुळांच्या सांध्यांची होती. सांधे गेले तशी ती मुख्य मार्गांवरून गेली. हे जोडण्याचं काम जागेवर कसं होतं? दोन टोकांमध्ये 25 मिलिमीटरची फट ठेवतात. पट्टी लावून टोकं एका रेषेत आणतात आणि जराशी उंच ठेवतात, कारण सांधा निवताना बसतो. दोन्ही बाजूंनी साचा लावून त्याच्या फटी ओल्या वाळूनं लिंपतात. ज्योतीनं टोकं लाल होईपर्यंत तापवतात. मग वर कुंडी ठेवून तिच्यातलं आयर्न ऑक्साइड आणि ॲल्युमिनियमच्या पुडीचं मिश्रण पेटवतात. काही सेकंदांत आत दोन हजार अंशांच्या वर तापलेलं पोलाद खदखदू लागतं. पांढऱ्याफेक उजेडात सगळे तोंड फिरवतात, फक्त वेल्डर निळ्या काचेतून बघत राहतो. कॅमेऱ्याचं मीटर त्या उजेडापुढे वेडं होतं. ते बंद करून अंदाजानं दोन-तीन स्टॉप खाली उतरावं, तेव्हा कुठे चेहरे हाती लागतात.

धातू साच्यात उतरतो, मळी बाजूच्या भांड्यात वाहते. आणि मग काही मिनिटं कोणीच काही करत नाही. करताच येत नाही, पोलाद धरायला वेळ लागतो. एक जण तंबाखू मळतो, मुकादम घड्याळ बघतो, ब्लॉकचा वेळ मोजणारा मोबाइलवर कंट्रोलशी बोलत असतो. मला ती मिनिटं सर्वांत आवडतात. त्यानंतर साचा फोडायचा, वर आलेला फुगवटा लाल आहे तोवर कापायचा, यंत्रानं घासून रुळाचं डोकं सपाट करायचं. शेवटी सांध्याजवळ रुळाच्या बाजूवर महिना, वर्ष, वेल्डरचा कोड आणि सांध्याचा नंबर नोंदायचा. हेतू चौकशीचा आहे. उद्या सांधा मोडला तर तो कोणी जोडला हे कळलं पाहिजे. तरी आपल्या एवढ्या मोठ्या रेल्वेत रुळावरच कामगाराची ओळख उमटलेली माझ्या पाहण्यातली ही एकच जागा. त्या नोंदींची काही छायाचित्रं वेल्डिंगच्या पानांनंतर दिली आहेत. त्यातले कोड मात्र पुसट केले आहेत. का ते पुढे येईलच.

कीमनचं काम याच्या अगदी उलट: त्याला ब्लॉक मिळत नाही, गाड्यांच्या मधल्या फटीतच त्याला चालायचं असतं. ठरलेला टप्पा रोज पायी, हातोडा, पाना, झेंडे आणि धोक्याच्या वेळी रुळावर बांधायचे फटाके घेऊन. सैल क्लिप दिसली की ठोकायची. रूळ थंडीत आकसून तुटतो आणि उन्हाळ्यात फुगून वाकतो, म्हणून हिवाळ्यातल्या रात्री आणि मे महिन्यातल्या दुपारी गस्त वेगळी असते. कोकणात पावसाची गस्त. 2003 च्या जूनमध्ये वैभववाडीजवळ रुळावर आलेल्या दरडीवर आदळून गाडी घसरली आणि पन्नासच्या आसपास माणसं गेली. तिथे कटिंगच्या कडेला छत्री न घेता रेनकोटात उभा असलेला माणूस रात्रभर काय ऐकत असतो, ते छायाचित्रात आणता येत नाही. मी पाठीमागून, दूर अंतरावरून, त्याच्या टॉर्चच्या उजेडावर भागवलं आहे.

बोरघाटात दरडी आधीच पाडतात. पावसाळ्यापूर्वी ब्लॉक घेऊन घाटाची गँग दोर बांधून कड्यावर चढते आणि हलणारे धोंडे पहारींनी सुटे करून खाली लोटते. ते फोडून गाडीत भरून न्यायचे. खालून बघताना नारिंगी जाकिटांचे ठिपके दिसतात, एवढंच. लांब लेन्स लावली की मग लक्षात येतं की वरचा माणूस दगड ढकलण्याआधी त्यावर पहारीनं टकटक करतो.

डेक्कन क्वीन मागून का, तेही सांगतो. 1 जून 1930 पासून धावणाऱ्या या गाडीच्या तोंडाची छायाचित्रं हजारोंनी आहेत. पण कर्जतला पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्या थांबतात ते मागून बँकर लावण्यासाठी. ही इंजिनं लोणावळ्यापर्यंत गाडी वर ढकलतात आणि तिथे सुटून परत खाली येतात. घाट चढताना प्रवासी खिडकीतून धबधबे बघतात आणि पुढच्या इंजिनाचं कौतुक करतात. मागचे चालक पूर्ण चढभर गाडीची पाठ बघत असतात. कर्जतच्या फलाटावर वडापावच्या झुंबडीपलीकडे, शेवटच्या डब्याजवळ, बँकर जोडणारा पॉइंट्समन काय करतो ते बघायला कुणी जात नाही. थांबा असतो काही मिनिटांचा.

आणखी एक छायाचित्र असं आहे की त्यासाठी कुठल्या परवानगीच्या जंगलात शिरावं लागत नाही. कुठल्याही मोठ्या स्टेशनावर डोळे उघडे ठेवले की पुरे. गाडी फलाटाला लागत असते. हमाल धावतात, चहावाले ओरडतात, नातेवाईक डब्यांचे नंबर वाचत पळतात. त्याच वेळी फलाटाच्या टोकाला कॅरेज विभागाचे दोघे जण रुळांच्या दोन्ही बाजूंना उकिडवे बसलेले असतात. नजर चाकांवर. स्प्रिंग तुटलीय का, काही घासतंय का, आवाज कसा येतोय. एकामागून एक डबा त्यांच्या नजरेखालून सरकतो. सगळं स्टेशन खिडक्यांकडे बघत असतं आणि ही दोन माणसं खिडक्यांच्या खाली. भुसावळच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये माझं निम्मं बालपण गेलं, तरी हे मी कॅमेरा हातात आल्यावरच पाहिलं.

वाफेच्या इंजिनांच्या चाहत्यांची निराशा होईल. ब्रॉडगेजवरची वाफ डिसेंबर 1995 मध्ये संपली, यवतमाळच्या 'शकुंतला' या गाडीचं वाफेचं इंजिन त्याच्या आधीच निवृत्त झालं होतं. त्या धुराची छायाचित्रं इतरांनी भरपूर आणि उत्तम काढून ठेवली आहेत. फावड्यानं कोळसा ओढणाऱ्या फायरमनला त्या दिवसांची हुरहूर लागलेली मी तरी पाहिली नाही.

आता कोडांविषयी. मी नावांची एवढी थोरवी गायली, आणि पुस्तकात पुष्कळ ठिकाणी नावं नाहीत. डेलानोला सरकारनंच पाठवलं होतं. माझ्यासमोरच्या माणसाला दुसरीच काळजी असते: जाकीट काढून घाम पुसताना, हेल्मेट बाजूला ठेवून पाणी पिताना छायाचित्र निघालं आणि ते वर कुणाच्या नजरेला पडलं तर चार्जशीट येते. मे महिन्यात खडीवर उभं राहून ते जाकीट अंगावर ठेवून बघावं म्हणजे कळेल. तेव्हा नियम असा ठेवला की, प्रत्येक छायाचित्र आधी त्या माणसाला दाखवायचं. त्यानं नाही म्हटलं तर पुसायचं, नाव नको म्हटलं तर नाव नाही. माझ्या मते चांगली निघालेली कितीतरी छायाचित्रं अशी गेली, आणि ती गेली याची मला खंत नाही. बायकांनी तर बहुधा आधीच विचारलं, पेपरात येणार का? येणार म्हटलं की पदर आणि जाकीट नीट करून उभ्या राहायच्या, आणि मग ते काम राहायचं नाही.

बायकांचा विषय निघालाच आहे. साताऱ्याच्या सुरेखा यादव 1989 मध्ये रेल्वेत चालकांच्या फळीत आल्या. 8 मार्च 2011 ला त्यांनी डेक्कन क्वीन चालवली, मार्च 2023 मध्ये सोलापूरहून मुंबईला वंदे भारत आणली, 2025 मध्ये निवृत्त झाल्या. त्यांची छायाचित्रं निघाली आणि निघायलाच हवी होती. पण रुळावर खडी ओढणाऱ्या, पहारीनं स्लीपर सरकवणाऱ्या बायकाही आता गँगांमध्ये आहेत. त्यातल्या कितीतरी नवरा ड्युटीवर दगावल्यानंतर त्याच्या जागी लागलेल्या. आठ मार्चला त्यांच्याकडे कॅमेरा वळत नाही. पुस्तकाचा तिसरा भाग त्यांचा आहे आणि तो मी मुद्दाम मोठा केला.

छायाचित्रांखाली गावांची नावं क्वचितच आहेत, आकडे आहेत. ते वरच्या तारेच्या खांबांचे क्रमांक: तिरक्या रेघेआधी मुंबईपासूनचे किलोमीटर, नंतर त्या किलोमीटरमधला खांब. गँगमध्ये पत्ता असाच सांगतात. 'एकशे बारा बाय चौदाला या' म्हटलं की सगळे बरोबर तिथे येतात. कुणाला त्या जागा शोधायच्या झाल्या तर खिडकीत बसून खांब मोजावेत. कॅमेरा घेऊन रुळांवर उतरू नये. रेल्वे कायद्याच्या 147 व्या कलमानुसार त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, डोक्यावरच्या तारेत 25 हजार व्होल्ट असतात, आणि आपल्याला वाचवायला धावणारा पुन्हा तोच कीमन असतो. मी लेखी परवानगी काढून आणि प्रत्येक वेळी एका माणसाला सोबत घेऊन गेलो. त्याचं काम एकच, माझ्याकडे पाठ करून गाडी येते का बघणं. या पुस्तकात तो कुठेच नाही, कारण तो कायम माझ्या मागे उभा होता.